टोमॅटोचा व्यापारी आणि शिवपुरमचा नटराज

१९७३ सालच्या मे महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या प्रतिनिधीने कॅलिफोर्नियातील एका धनाढ्य उद्योगपतीला अडचणीचा प्रश्न विचारला. या उद्योगपतीने सुमारे नऊ लाख डॉलर मोजून दहाव्या शतकातील नटराजाची एक चोळकालीन ब्राँझमूर्ती खरेदी केली होती, आणि ती भारतातून चोरट्या मार्गाने बाहेर आली असल्याचा बोभाटा झाला होता. अशा प्रसंगी संग्राहकांची उत्तरे ठरलेली असतात. मूर्ती एका जुन्या खासगी संग्रहातून आली, कागदपत्रे वकिलांकडे आहेत, आम्ही शुद्ध भावनेने खरेदी केली, इत्यादी. हा गृहस्थ मात्र निराळ्या घडणीचा निघाला. मूर्ती चोरटी आहे हे त्याने उघडउघड मान्य केले. एवढेच नव्हे, तर गेल्या दोन वर्षांत आशियाई कलावस्तूंवर आपण दीड कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्च केली असून त्यातला बराचसा माल चोरटाच आहे, अशी पुस्तीही त्याने जोडली.

या गृहस्थाचे नाव नॉर्टन सायमन. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकाच माणसाच्या पैशातून आणि नजरेतून उभ्या राहिलेल्या मोठ्या कलासंग्रहांत त्याच्या संग्रहाची गणना होते. लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना येथे त्याच्या नावाचे संग्रहालय आजही उभे आहे आणि तेथे सुमारे बारा हजार कलावस्तू आहेत. रेम्ब्रांट, राफाएल, गोया, देगा यांच्या जोडीला भारतातील ब्राँझ आणि पाषाणमूर्तींचा तेथील संग्रह अभ्यासकांना परिचित आहे. पाश्चात्य धनिकांच्या कलाप्रेमाविषयी आपल्याकडे एक तर भाबडे कौतुक आढळते किंवा सरसकट संताप. सायमनचे आयुष्य या दोन्ही भावनांना पुरून उरणारे आहे. कलेचा आश्रयदाता कोणाला म्हणावे, हा प्रश्न ते आपल्यासमोर ठेवते. त्याबरोबर देवाची मूर्ती देशाबाहेर जाते तेव्हा पहिले दार कोण उघडतो, हा आपल्याला अधिक अडचणीचा प्रश्नही ते विचारते.

सात हजार डॉलरांचे भांडवल

सायमनचा जन्म १९०७ साली ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे झाला. वडील व्यापारी होते. आई तो लहान असतानाच वारली. पुढे हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला आले. बर्कलीच्या विद्यापीठात त्याने नाव घातले खरे; पण सहा आठवड्यांतच त्या शिक्षणाला त्याने रामराम ठोकला. मंदीच्या ऐन काळात, १९३१ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याने फुलर्टन येथील संत्र्याचा रस बाटल्यांत भरणारा एक दिवाळखोर कारखाना सात हजार डॉलरांना विकत घेतला. रसावरून तो फळे व भाज्या डबाबंद करण्याकडे वळला. तो धंदा त्याने बारा वर्षांत एवढा वाढवला, की १९४३ साली हंट ब्रदर्स या जुन्या कंपनीला तो विकून थोड्याच काळात त्या कंपनीचीच सूत्रे त्याने हाती घेतली. हंटचा टोमॅटो सॉस पुढे अमेरिकेतील घराघरांत गेला. स्वयंपाकघरातील एका सामान्य डब्याला जाहिरातीच्या बळावर प्रतिष्ठा मिळवून देण्याचे तंत्र त्याच्याइतके फार थोड्यांना साधले.

मात्र सायमनचे खरे कसब कारखानदारीत नव्हते. ज्या कंपनीची मालमत्ता मोठी पण व्यवस्थापन सुस्त, तिचे शेअर हळूहळू उचलायचे, संचालक मंडळात शिरायचे आणि मग एकेका जुन्या संचालकाची झोप उडवायची, ही त्याची रीत. आगपेट्यांचा ओहायो मॅच, मासिकांचा मॅकॉल, शीतपेयांचा कॅनडा ड्राय असे परस्परांशी काडीचा संबंध नसलेले उद्योग याच मार्गाने त्याच्या छत्राखाली आले. एखाद्या वस्तूचे खरे मोल आणि बाजारात तिला मिळणारी किंमत यांतील अंतर हेरणे, हा त्याच्या बुद्धीचा मूळ धर्म होता. पुढे कलेच्या बाजारात तो उतरला तेव्हा हाच धर्म त्याने तेथेही पाळला.

चित्रांकडे तो तसा उशिरा वळला. १९५४ च्या सुमारास, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, घरातील भिंतींसाठी काही चित्रे हवीत एवढ्या साध्या निमित्ताने ही खरेदी सुरू झाली. गोगँ, बोनार, पिसारो अशा फ्रेंच चित्रकारांपासून आरंभ झाला आणि बघता बघता तो मागच्या शतकांकडे सरकत गेला. शिक्षण अर्धवट सोडलेला हा माणूस आता ग्रंथ वाचू लागला, तज्ज्ञांना रात्री-अपरात्री दूरध्वनी करून एकाच चित्राबद्दल दहा जणांची दहा मते गोळा करू लागला. चित्र महिनोन् महिने घरी आणून ठेवायचे, ते डोळ्यांत मुरू द्यायचे आणि मग विक्रेत्याशी किमतीची घासाघीस करायची. विक्रेते त्याच्या नावाने बोटे मोडत. पण त्याची नजर कच्ची आहे असे त्यांतला कोणी म्हणत नसे.

१९६४ साली त्याने जे केले ते कंपनी गिळंकृत करण्याच्या त्याच्या जुन्या रीतीला साजेसेच होते. मेलन, फ्रिक यांसारख्या आधीच्या पिढीतील अमेरिकन धनिकांना युरोपातील अभिजात चित्रे विकून गबर झालेली ड्यूव्हीन ब्रदर्स ही नामांकित पेढी तेव्हा उतरणीला लागली होती. सायमनने तिच्याकडचे एखादे-दुसरे चित्र घेतले नाही. शिल्लक राहिलेला सुमारे आठशे वस्तूंचा सगळा साठा, ग्रंथालय आणि न्यूयॉर्कमधील इमारत यांसह त्याने ती पेढीच खरेदी केली. मेलनला चित्रे विकणाऱ्याचे दुकानच आता टोमॅटो विकणाऱ्याच्या मालकीचे झाले.

लिलावातील उभे-बस

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये घडलेला प्रसंग त्याचा स्वभाव समजण्यास पुरेसा आहे. रेम्ब्रांटने काढलेले एका मुलाचे चित्र क्रिस्टीज या पेढीत १९ मार्च १९६५ रोजी लिलावाला निघाले. चित्रातील मुलगा म्हणजे रेम्ब्रांटचा स्वतःचा मुलगा टायटस, असे तेव्हा मानले जाई. आपण बोली करीत आहोत हे इतरांना कळू नये, म्हणून सायमनने लिलावकर्त्याशी आधीच एक लेखी करार केला होता. आपण बसलेले असू तोवर बोली चालू आहे असे समजावे. उभे राहिलो की बोली थांबली. उभे राहून पुन्हा बसलो तर बोट वर करेपर्यंत बोली नाही. बोट वर केले की पुन्हा उभे राहीपर्यंत बोली चालू. एवढी गुंतागुंत ऐन लिलावाच्या धामधुमीत कोणाच्या ध्यानात राहणार? चित्र सात लाख गिनींना दुसऱ्याच्या नावावर पुकारले गेले. तेव्हा सायमन उठला, आपला करार पुढे करून त्याने आक्षेप घेतला, आणि भरसभेत लिलाव पुन्हा उघडायला लावून ७ लाख ६० हजार गिनींना, म्हणजे सुमारे बावीस लाख डॉलरांना, ते चित्र पदरात पाडून घेतले. त्या वर्षी 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. कागदावर जे लिहिले आहे त्याचा शेवटचा अक्षरार्थही सोडायचा नाही, ही त्याची वृत्ती येथे साऱ्या जगाला दिसली.

अमेरिकेतील कलाश्रयाचे अर्थकारणही येथे ध्यानात घेतले पाहिजे. धनिकाने न्यास स्थापन करावा, त्याला पैसा किंवा चित्रे द्यावीत, दानाच्या मूल्याइतकी सवलत करात मिळवावी आणि न्यासाच्या मालकीची चित्रे लोकांना पाहावयास ठेवावीत, अशी तेथील कायद्याची रचना आहे. यात सरकारचा महसूल बुडतो आणि त्या बदल्यात समाजाला कला मिळते. या सौद्यात कोणाचा वाटा मोठा, हा तेथील जुना वाद आहे. सायमनने या रचनेचा पुरेपूर उपयोग केला. स्वतःची इमारत न बांधता आपल्या न्यासांची चित्रे तो देशभरच्या संग्रहालयांना उसनी देत राहिला. त्यामुळे आपल्या शहरात रेम्ब्रांट कधी येईल अशी आशाही ज्यांनी केली नसती, त्यांना तो पाहायला मिळाला. ही उसनवारी शुद्ध परोपकार नव्हती, पण तिला केवळ करचुकवेगिरी म्हणून निकालात काढणेही न्यायाचे होणार नाही.

मधुचंद्र आणि मूर्ती

साठी उलटण्याच्या सुमारास या माणसाच्या आयुष्यात उलथापालथ झाली. १९६९ साली त्याच्या मुलाने आत्महत्या केली. त्याच सुमारास तो धंद्यातून निवृत्त झाला. १९७० साली सिनेटच्या उमेदवारीसाठी रिपब्लिकन पक्षात त्याने टक्कर दिली आणि तो हरला. पहिला विवाह मोडला. १९७१ साली प्रख्यात चित्रपट अभिनेत्री जेनिफर जोन्स हिच्याशी त्याने विवाह केला आणि हे जोडपे मधुचंद्रासाठी भारतात आले. येथील मूर्तिकलेने सायमन भारावून गेला. आजवर युरोपच्या चित्रांपलीकडे न गेलेली त्याची नजर चोळांच्या ब्राँझवर आणि कुषाण व गुप्त काळातील पाषाणावर खिळली. दुःखाने पोळलेल्या माणसाला नटराजाच्या त्या प्रशांत मुद्रेत काय दिसले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. मात्र एखादी गोष्ट मनाला भिडली की ती आपल्या मालकीची झालीच पाहिजे, ही सवय दुःखानेही सुटली नाही. पुढच्या दोन वर्षांत त्याने आशियाई कलेची जी खरेदी केली, तिचेच वर्णन त्याने १९७३ साली वार्ताहराजवळ केले.

आता त्या नटराजाची कहाणी. तंजावर भागातील कुंभकोणमजवळ शिवपुरम नावाचे गाव आहे. १९५१ साली तेथील एका शेतकऱ्याला जमीन खणताना काही ब्राँझमूर्ती सापडल्या. तमिळ देशात हे अपूर्व नव्हे. परचक्राच्या वा धामधुमीच्या काळात पुजारी आणि गावकरी उत्सवमूर्ती जमिनीत पुरून ठेवीत, पुढे ती पिढी संपे आणि जागाही विस्मरणात जाई. गाभाऱ्यातील लिंग अचल असते. मिरवणुकीत खांद्यावरून निघून लोकांच्या दारी जाणारा देव हा या ब्राँझमूर्तींत असतो. नटराजाचा मोठा उत्सव मार्गशीर्षातील आर्द्रा नक्षत्रावर असतो. सरकारी सोपस्कार होऊन शिवपुरमच्या या मूर्ती गावच्या शिवमंदिराच्या स्वाधीन झाल्या. शेकडो वर्षे मातीत राहिलेला देव पुन्हा आपल्या माणसांत आला.

आणि येथेच दगा झाला. सापडलेल्या मूर्तींची डागडुजी करावी म्हणून त्या कुंभकोणमच्या एका मूर्तिकाराकडे पाठवण्यात आल्या. देवळात ज्या परत आल्या त्या नकला होत्या. अस्सल मूर्ती दलालांच्या हातून मुंबईला पोहोचल्या आणि नटराज येथील एका खासगी संग्रहात विराजमान झाला. शिवपुरमचे भाविक नकलेपुढे हात जोडत राहिले, आणि बराच काळ हा बदल कोणाच्या ध्यानात आला नाही. ध्यानात आला तो ब्रिटिश म्युझियममधील विद्वान डग्लस बॅरेट याच्या. चोळ ब्राँझवरील त्याचा ग्रंथ १९६५ साली मुंबईतूनच प्रसिद्ध झाला. देवळातील मूर्ती नक्कल असून अस्सल मूर्ती मुंबईच्या एका संग्राहकाकडे आहे, हे त्याने नमूद केले होते.

या तपशिलावर क्षणभर थांबावे असे आहे. पुराणवस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण घालणारा कायदा या देशात १९४७ सालापासून होता. परवान्यावाचून अशी मूर्ती देशाबाहेर नेणे हा गुन्हा होता. मूर्ती कोठे आहे हे छापील ग्रंथात आले होते. एवढे असूनही १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती न्यूयॉर्कच्या बेन हेलर या विक्रेत्याकडे सुखरूप पोहोचली. ज्या मुंबईत ग्रंथ छापला गेला त्याच मुंबईतून देव निघून गेला. हे अंधारात झाले असेही म्हणता येत नाही. वाचणाऱ्यांनी वाचले नाही आणि ज्यांनी वाचले त्यांनी हालचाल केली नाही. सायमनने हेलरकडून मूर्ती घेतली ती एवढे सारे घडून गेल्यावर.

कायद्याचे आणि न्यायाचे अंतर

सायमनच्या त्या बेधडक कबुलीमागे एक कायदेशीर बारकावा दडलेला होता. भारताच्या निर्यातबंदीचा भंग करून आलेली वस्तू अमेरिकेत आणणे हा तेवढ्याच कारणाने अमेरिकन कायद्याखाली गुन्हा ठरत नव्हता. सांस्कृतिक मालमत्तेच्या अवैध व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० साली झाला खरा, पण त्याच्या अंमलबजावणीचा कायदा अमेरिकेने केला तो १९८३ साली. खुद्द भारताने या कराराला मान्यता दिली ती १९७७ साली. म्हणजे लिलावाच्या त्या करारपत्राप्रमाणे येथेही अक्षरार्थ आपल्या बाजूला आहे, असे सायमनला वाटत होते. पण भारताने निर्यातबंदीपुरता दावा न करता चोरीचा दावा केला, आणि चोरीच्या मालावर खरेदीदाराला मालकी मिळत नाही हे तत्त्व तेथील कायद्यालाही मान्य आहे. लंडनमध्ये आणि अमेरिकेतील न्यायालयांत भारत सरकारने दावे लावले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सायमनच्या आशियाई संग्रहाचे भरावयाचे प्रदर्शन बारगळले.

अखेर १९७६ साली तडजोड झाली. मूर्तीवरील भारताची मालकी मान्य झाली. मात्र दहा वर्षे ती सायमनच्या संग्रहालयात राहावी आणि मग परत जावी, असे ठरले. आपल्या देवाला सोडवून आणण्यासाठी दहा वर्षे थांबावे लागणे हा मानभंग होय, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पण त्या काळी एखाद्या श्रीमंत अमेरिकन संग्राहकाने भारतीय मूर्तीची मालकी सोडावी ही गोष्टच नवी होती. पुढे पत्तूर येथील नटराजाचा खटला लंडनच्या न्यायालयात उभा राहिला. तेथे देऊळ ही स्वतः दावा लावू शकणारी व्यक्ती मानली गेली आणि १९९१ साली तो नटराजही परतला. ही वाट शिवपुरमच्या खटल्याने आधी थोडीफार मळवून ठेवली होती.

दरम्यान सायमनने स्वतःची जागा शोधली होती. पॅसाडेना आर्ट म्युझियम ही आधुनिक कलेची धाडसी संस्था होती. मार्सेल द्युशाँ याचे पहिले सिंहावलोकनात्मक प्रदर्शन १९६३ साली तिनेच भरवले होते. नवी इमारत बांधण्याच्या नादात ती कर्जात बुडाली. १९७४ साली सायमनने ते कर्ज आणि तिचा कारभार अंगावर घेतला. दुसऱ्याच वर्षी तेथे त्याच्या नावाची पाटी लागली. संस्था वाचली, पण तिचा मूळ आत्मा अडगळीत गेला, अशी तक्रार तेथील कलावंतांनी केली. काही जुन्या विश्वस्तांनी तर न्यायालयात धाव घेतली, पण निकाल सायमनच्या बाजूने लागला. कंपन्या ताब्यात घेण्याची त्याची रीत येथेही चालली. फरक एवढाच, की या वेळी ताब्यात आलेल्या वास्तूत कोणीही सामान्य माणूस शिरून रेम्ब्रांटसमोर उभा राहू शकत होता. १९८७ साली आपला संग्रह लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला देण्याची भाषा त्याने केली आणि ती मागेही घेतली. हातचे सोडणे त्याला शेवटपर्यंत जड गेले. असाध्य आजाराने अनेक वर्षे चाकाच्या खुर्चीला खिळलेला हा माणूस १९९३ साली निवर्तला. त्याच्यामागे जेनिफर जोन्सने संग्रहालयाची धुरा वाहिली आणि फ्रँक गेरी या वास्तुविशारदाकडून त्याचे नूतनीकरण करून घेतले.

याच संग्रहालयातील दुसऱ्या एका खटल्याची हकीगत नटराजाच्या शेजारी ठेवून पाहावी. क्रानाखने रंगवलेली आदम आणि इव्ह यांची दोन चित्रे सायमनने १९७१ साली आठ लाख डॉलरांना घेतली. ती मुळात गाउड्स्टिकर या ज्यू कलाव्यापाऱ्याच्या पेढीतील होती आणि १९४० साली नाझींच्या हॉलंडवरील आक्रमणानंतर ती गोअरिंगच्या घशात गेली. युद्धानंतर ती डच सरकारकडे आली आणि त्या सरकारने १९६६ साली ती दुसऱ्या एका दावेदाराला विकली. त्या दावेदाराकडून सायमनने ती घेतली. गाउड्स्टिकर घराण्याच्या वारसाने २००७ पासून न्यायालयात झगडा दिला, पण डच सरकारच्या अधिकृत कृतीबद्दल अमेरिकन न्यायालयाने निवाडा करू नये या तत्त्वावर संग्रहालय जिंकले आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्याचेही नाकारले. कायद्याने प्रश्न मिटला. न्यायाचा प्रश्न मिटला असे म्हणणे अवघड आहे. उत्तम नजर, अफाट पैसा आणि सज्जड वकील असे तिहेरी बळ लाभलेल्या संग्रहाच्या पायाशीही दुसऱ्या कोणाचा तरी लुटलेला संसार असू शकतो, हे ती दोन चित्रे सांगतात.

आपल्या घरचे दार

संग्राहकांचा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तुमच्या देशात या मूर्तींची हेळसांड होते. आम्ही त्या जपतो, अभ्यासतो, जगाला दाखवतो. यातला पूर्वार्ध खोटा नाही, हे कबूल करण्यात कमीपणा मानू नये. पण हेळसांड करणाऱ्याचे घर लुटण्याचा अधिकार शेजाऱ्याला मिळतो, असे कोणत्याही नीतीत बसत नाही. शिवाय या तथाकथित जपणुकीने चोरीला किंमत येते. पॅसाडेनात नऊ लाख डॉलर मिळणार असतील तर कुंभकोणमच्या कारागिराला नक्कल ओतण्याचा मोह होणारच. मागणी आणि चोरी एकाच साखळीचे दोन दुवे आहेत, आणि सायमनच्या कबुलीने त्यातला पहिला दुवा उघडा पाडला. पुष्कळ संग्राहकांनी जे लपवले ते त्याने बोलून दाखवले. त्यात त्याचा प्रामाणिकपणा किती आणि उद्दामपणा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. त्या बोलण्याने भारताचा दावा बळकट झाला, हे मात्र खरे.

असे असले तरी दुसरा दुवा आपल्या घरी आहे, हे विसरता येत नाही. मूर्तिकार आपला, दलाल आपले, संग्राहक आपल्याच मुंबईचा, आणि डोळ्यांवर कातडे ओढून बसलेले अधिकारीही आपलेच. १९७२ सालचा पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७६ साली अमलात आला. पण श्रीपुरंदानच्या ओस पडलेल्या देवळातून चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने २००८ साली सुमारे पन्नास लाख डॉलरांना घेतला, तेव्हा शिवपुरमला पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती. तो नटराज २०१४ साली परत मिळाला, कारण तो देवळातच असताना पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने त्याची छायाचित्रे काढून ठेवली होती. परकीयांच्या दप्तरात आपल्या देवांची नोंद होती, आपल्या दप्तरात नव्हती. अलीकडे अमेरिकेने शेकडो वस्तू परत केल्या. २०२१ साली १५७ आणि २०२४ साली २९७ वस्तू परत आल्या. त्याचा आनंद जरूर मानावा, पण परत येणाऱ्या प्रत्येक मूर्तीमागे कधीतरी एक दार उघडे राहिले होते, हेही त्या आकड्यांतून वाचावे. एखाद्या खेड्यातील देवळाच्या मूर्तींची छायाचित्रे काढून, मापे घेऊन ती नोंदवायला फार मोठा खर्च येत नाही. न्यायालयात दहा वर्षे भांडण्यापेक्षा तो निश्चित कमी आहे.

शिवपुरमचा नटराज ठरल्याप्रमाणे १९८६ साली मायदेशी आला. पण शिवपुरमच्या देवळात तो परतला नाही. पुन्हा चोरी होईल या भीतीने त्याला मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, कडेकोट बंदोबस्तात ठेवण्यात आले. पॅसाडेनात असताना निदान रोज शेकडो लोक त्याला पाहत होते. स्वदेशी आल्यावर त्याच्या वाट्याला कुलूप आले. सायमनला मालकीचा मोह सोडता आला नाही, म्हणून आपण त्याला दोष देतो आणि तो योग्यच आहे. पण जो देव खांद्यावर बसून लोकांच्या दारी जाण्यासाठी घडवला होता, त्याला निर्धास्तपणे गावात ठेवण्याची हमी आपल्याला देता आली नाही. मालकी सिद्ध करण्याचा खटला आपण जिंकला. राखणदारीच्या खटल्यात मात्र फिर्यादी शिवपुरमचा भाविक आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आपण आहोत. त्याचा निकाल पॅसाडेनात लागायचा नाही.